आजारपणातील आरोग्य विमा : फाईल सांभाळणारा घरात एक तरी हवा



मी बँकेच्या काऊंटरवर बसणारा एक साधा कारकून आहे. विम्याचा तज्ज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात विम्याची सर्व कागदपत्रे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. त्या काळात जे शिकलो, ते शिकण्यासाठी आम्हाला पैसे मोजावे लागले. तेच ज्ञान आपल्या समाजबांधवांना फुकट मिळावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोठा आजार घरात शिरला की माणूस गोंधळतो. एकजण रुग्णाजवळ बसतो, एकजण डबा नेतो, एकजण पैशाची जुळवाजुळव करतो. विम्याचे कागद मात्र कोणाचेच नसतात. ते कपाटात, पिशवीत, नाहीतर एजंटाकडे पडून राहतात. नुकसान तेथेच होते.

ताईची गोष्ट

माझी ताई अंगणवाडी सेविका. दाजी एस.टी.तून निवृत्त झालेले. दाजींनी २०१९ च्या फेब्रुवारीत दोघांसाठी ३ लाखांची मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "बी.पी.च्या गोळीचे लिहू नका, हप्ता वाढेल." दाजी सरळ माणूस. ते म्हणाले, "जे आहे ते लिहा. उद्या खोटे पडायला नको." ताईची थायरॉईडची आणि स्वतःची बी.पी.ची गोळी त्यांनी लिहून दिली. पुढे त्यांच्या या एका वाक्याने आम्हाला वाचवले.

२०२३ च्या नोव्हेंबरात ताईला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. विमा कंपनीने आधी विचारले की, रुग्णाला पूर्वीपासून कोणते आजार आहेत आणि ते फॉर्ममध्ये लिहिले होते काय? आम्ही फॉर्मची प्रत पुढे ठेवली. प्रश्न तेथेच मिटला.

विमा हा विश्वासाचा करार आहे. माहिती लपविली तर कंपनी दावा नाकारू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली तर त्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती, ती २०२४ च्या नियमांनी ५ वर्षांवर आली. तसेच आधीपासून असलेल्या व फॉर्ममध्ये लिहिलेल्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिनेच थांबायला लावता येते. पूर्वी ती मर्यादा ४८ महिन्यांची होती. म्हणजे खरे लिहिल्याने फार तर काही काळ थांबावे लागते, खोटे लिहिल्याने सगळेच जाण्याची भीती राहते.

खोलीच्या भाड्याचा फटका

आमचे पहिले नुकसान खोलीमुळे झाले. ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार रुपयांची मर्यादा होती. आम्ही ताईला ५ हजारांच्या खोलीत ठेवले. मनात हिशेब असा केला की, दिवसाला २ हजार जास्त, चार दिवसांचे ८ हजार आपण भरू. बँकेत रोज आकडेमोड करणारा मी, पण येथे माझे गणित चुकले.

पॉलिसीत अट अशी होती की, खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर तिच्याशी निगडित इतर आकारही त्याच प्रमाणात कमी मंजूर होतात. सर्जनची फी, भुलीची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, हे सर्व त्यात आले. ५ हजारांपैकी ३ हजार मंजूर, म्हणजे ६० टक्के. हिशेब असा झाला :

खोली : बिल २० हजार, मंजूर १२ हजार.
सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरे : बिल १ लाख २० हजार, मंजूर ७२ हजार.
औषधे व तपासण्या : बिल ४५ हजार, मंजूर पूर्ण ४५ हजार.
हातमोजे, नोंदणी फी व इतर किरकोळ : बिल ४ हजार, मंजूर काही नाही.

एकूण बिल १ लाख ८९ हजार. कंपनीने दिले १ लाख २९ हजार. आमच्या खिशातून गेले ६० हजार. ज्या खोलीसाठी आम्ही ८ हजार जादा भरायला तयार होतो, तिने आम्हाला ५६ हजारांना बुडवले, आणि वरचे ४ हजार वेगळेच.

औषधे, तपासण्या, शरीरात बसविण्याची उपकरणे आणि अतिदक्षता विभागाचे आकार यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. बिलात तशी कपात दिसली तर विचारावे. आणि दाखल होण्यापूर्वी पॉलिसीतील 'खोलीचे भाडे' हा एक परिच्छेद तरी वाचावा. सगळी पॉलिसी वाचणे जमत नसेल तर एवढे वाचले तरी पुष्कळ आहे.

कॅशलेस म्हणजे काय, आणि काय नाही

कॅशलेस म्हणजे रुग्णालय थेट कंपनीकडून पैसे घेते. बहुतेक ठिकाणी मध्ये टीपीए नावाची संस्था असते, जी कंपनीच्या वतीने कागद तपासते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी साधारण दोन दिवस आधी कळवावे, आणि तातडीने दाखल केले असेल तर २४ तासांच्या आत कळवावे. आपल्या पॉलिसीत नेमकी मुदत दिलेली असते.

आमच्या वेळी घरी सोडण्याच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांनी परवानगी दिली आणि अंतिम मंजुरी यायला सायंकाळचे पाच वाजले. ताई टाके घेऊन सात तास खुर्चीवर बसून होती. २०२४ च्या मे महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून यावर बंधन घातले. कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा, आणि घरी सोडताना रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. हा नियम नम्रपणे पण ठामपणे सांगता आला पाहिजे.

कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे मुळीच नाही. पुष्कळ लोक येथेच निराश होऊन कागद टाकून देतात. अशा वेळी बिल स्वतः भरून नंतर परताव्यासाठी दावा करता येतो. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रद्द केलेला धनादेश लागतो. बहुतेक पॉलिसींत हे कागद घरी आल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात. खऱ्या अडचणीमुळे उशीर झाला तर तो लेखी कळवावा. केवळ उशिराच्या तांत्रिक कारणाने खरा दावा फेटाळू नये, असे प्राधिकरणाने २०११ सालीच कंपन्यांना बजावले आहे.

आणखी एक. दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांचा व घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा त्याच आजाराचा खर्चही मिळतो. अनेक पॉलिसींत तो आधीचे ३० दिवस व नंतरचे ६० दिवस असा असतो. ताईच्या बायोप्सीची व सोनोग्राफीची बिले दाजींनी रेशनच्या पिशवीत कोंबून ठेवली होती. ती शोधून, सरळ करून, क्रमाने लावून पाठविली, तेव्हा ११ हजार रुपये परत आले.

एकवीस दिवसांची चूक

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगतो. ही आमची स्वतःची चूक आहे. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगणे कर्तव्य आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ताईची केमोथेरपी सुरू झाली. दर २१ दिवसांनी एक, अशा आठ घ्यायच्या होत्या. पॉलिसीची मुदत १३ फेब्रुवारीला संपत होती. हप्त्याची नोटीस आली तेव्हा ताईला उलट्या होत होत्या, तोंड आले होते, केस गळाले होते. दाजींनी नोटीस वाचली आणि बाजूला ठेवली. त्यांचा विचार असा की, "आजार तर आता लागलाच. कंपनी पुढे कशाला देईल? २२ हजारांचा हप्ता भरण्यापेक्षा ते पैसे औषधाला होतील." त्यांनी कोणाला विचारले नाही. १५ फेब्रुवारीची तिसरी केमो रोख पैशाने झाली.

५ मार्चला मी घरी गेलो असताना फाईल चाळली आणि माझ्या छातीत धस्स झाले. नूतनीकरणासाठी ३० दिवसांची सवलत असते. त्यातला तो एकविसावा दिवस होता. आणखी नऊ दिवस गेले असते तर पाच वर्षांची पॉलिसी संपली असती, आणि कर्करोग झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे किती कठीण आहे हे मी वेगळे सांगायला नको. त्याच दिवशी हप्ता भरला. ७ मार्चची चौथी केमो विम्यातून झाली. मात्र मधल्या दिवसांतील केमोचे २८ हजार कंपनीने दिले नाहीत, आणि ते नियमाला धरूनच होते. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत सवलतीच्या दिवसांत पॉलिसी मरत नाही, पण त्या दिवसांतील खर्चाला संरक्षणही नसते.

दाजींचा गैरसमज आपल्यापैकी पुष्कळांचा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी दावा केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. तुम्ही आजारी पडलात म्हणून एकट्या तुमचा हप्ता वाढविता येत नाही. आणि नूतनीकरण झाले की विम्याची रक्कम नव्या वर्षासाठी पुन्हा पूर्ण होते. ताईच्या जुन्या वर्षातील ३ लाखांतून बरेच खर्च झाले होते. मार्चमध्ये तिला पुन्हा पूर्ण ३ लाख मिळाले. २२ हजार वाचविण्याच्या नादात आम्ही हे ३ लाख घालविणार होतो.

माझ्या व्यवसायाचा एक सल्ला देतो. बँकेत लेखी सूचना देऊन हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची सोय करावी, आणि त्या तारखेला खात्यात शिल्लक राहील याची काळजी घ्यावी. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. आजारी माणसाच्या घरात ही तारीख आठवणीवर सोडू नये. आणि एक दिलासा असा की, वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी लागत असे, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकण्यात आला आहे.

दावा कापला तर

पाचव्या केमोच्या वेळी कंपनीचे पत्र आले की, "रुग्ण २४ तास दाखल नव्हता, सबब दावा अमान्य." ताई रडू लागली. ती म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना किती त्रास." मी पॉलिसी काढली. तिच्यात 'डे केअर' उपचारांचे कलम होते, आणि त्यात केमोथेरपीचा स्पष्ट उल्लेख होता. केमो, डायलिसिस, मोतीबिंदू यांसारख्या उपचारांना २४ तासांची अट लागत नाही. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानाचे पत्र लिहिले. कलमाचा क्रमांक दिला, बिलांच्या प्रती जोडल्या, पोच घेतली. पुढे रक्कम जमा झाली. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. कलमाचा क्रमांक मात्र होता.

दावा नाकारायचा असेल तर कंपनीने लेखी आणि पॉलिसीच्या कलमासह कारण दिले पाहिजे. २०२४ पासून कंपनीतील दावे फेरतपासणी समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. मंजूर रक्कम देण्यास उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के अधिक व्याज द्यावे लागते.

पायऱ्या अशा : आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बीमा भरोसा' या व्यवस्थेतही ती नोंदविता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

विमा नसेल तर

येथवर वाचून एखादा बंधू म्हणेल, "आमच्याकडे पॉलिसीच नाही, आम्ही काय करावे?" त्यांच्यासाठी हा भाग.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या राज्यात आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर झाली, आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. त्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. चौकशीचा क्रमांक १५५३८८ आहे. ७० वर्षांवरील वृद्धांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागले आहे.

ताईच्या रेडिएशनचा खासगी खर्च २ लाख सांगितला होता, आणि केमो संपेपर्यंत पॉलिसीत १ लाख ६० हजार उरले होते. आम्ही रेडिएशन महात्मा फुले योजनेतून एका संलग्न धर्मादाय रुग्णालयात करून घेतले, आणि पॉलिसीतील रक्कम पुढच्या अडचणीसाठी राखून ठेवली. पॉलिसी आहे म्हणून सरकारी योजनेकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि कारखाना किंवा आस्थापना कामगार राज्य विमा योजनेत येते, त्यांनी ई.एस.आय.चे कार्ड कपाटात ठेवू नये. कुटुंबाला उपचार मिळतातच, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, आणि ठरावीक सेवेची अट पूर्ण असल्यास कर्करोगासारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. १९४४ मध्ये प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. ही कोणाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे ध्यानात असावे.

याशिवाय धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला उत्पन्नाच्या दाखल्यासह भेटावे.

नोकरीतील गट विम्यावर विसंबून असलेल्यांसाठी एक इशारा. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर असा विमा मिळाला. पण नोकरी सुटली की बहुतेक गट विमा संपतो, आणि त्यात घातलेल्या आई-वडिलांचे संरक्षणही त्याच दिवशी जाते. म्हणून मुलाने नोकरी बदलण्यापूर्वी, राजीनाम्याच्या आधी, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते काय हे लेखी विचारावे. घरात कोणाचा उपचार चालू असेल तर हे अधिकच महत्त्वाचे.

एक फाईल, एक माणूस

शेवटी सर्वांचे सार सांगतो. घरात एक फाईल करावी. तिच्यात पॉलिसी, भरलेल्या फॉर्मची प्रत, हप्त्याच्या पावत्या, ओळखपत्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि बिले तारखेनुसार लावावीत. मूळ कागद देण्यापूर्वी झेरॉक्स काढावी. फोनवर जे बोलणे होईल ते तारीख, वेळ व बोलणाऱ्याच्या नावासह वहीत लिहावे. आणि हे काम रुग्णावर किंवा रात्रंदिवस जागणाऱ्या जोडीदारावर टाकू नये. भाऊ, भाचा, सून, शेजारी, कोणीतरी एकाने ते अंगावर घ्यावे. दाजी अडाणी नव्हते. ते थकलेले होते, आणि त्यांना विचारणारे आम्ही कोणी नव्हतो. ती चूक दाजींची कमी आणि माझी जास्त होती.

माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वसाहतीतील अभ्यासिकेत शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांच्यातील दोघा-तिघांनी रविवारी सकाळी एक तास बसावे, लोकांच्या पॉलिसी वाचून द्याव्यात, नूतनीकरणाच्या तारखा एका वहीत उतरवून ठेवाव्यात आणि फॉर्म भरून द्यावेत. यास पैसा लागत नाही. मी स्वतः त्यांच्यासोबत बसायला तयार आहे.

ताई आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. केस पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. अंगणवाडीत ती परत रुजू झाली. हप्त्याची तारीख आता तिच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते, आणि जानेवारी उजाडला की मला तिचाच फोन येतो, "अरे, हप्त्याचं लक्षात आहे ना?"

हा लेख वाचून एका जरी घरात आज रात्री पॉलिसी शोधून तिची तारीख पाहिली गेली, तरी माझ्या लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.